केमो योजनेतून, लिव्हर खिशातून

मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला की घरात पहिला हिशेब होतो तो केमोचा. इंजेक्शन कितीला पडतं, किती घ्यावी लागतात, सोनं मोडावं की शेत गहाण टाकावं. नांदेड-लातूरकडच्या घरांत हा हिशेब बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. केमोची औषधं, खाटेचं भाडं, दाखल असतानाच्या तपासण्या हे सगळं योग्य रुग्णालयात आणि योग्य कागदांवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. पैसा गळतो तो दोन केमोंच्या मधल्या दिवसांत. पंधरवड्याची तपासणी, अचानक पिवळे दिसू लागलेले डोळे, रात्री-बेरात्री केलेली गाडी, शेजाऱ्याने खात्रीने सांगितलेलं औषध. यातला बराच पैसा एका अवयवापायी जातो, तो म्हणजे लिव्हर.

म्हणून हा लेख केमोच्या दरांचा नाही. केमोने मुलाच्या लिव्हरला त्रास झाला तर काय काय लागतं, त्यातलं फुकट काय मिळतं, स्वतः काय भरावं लागतं आणि कशावर एक रुपयाही घालू नये, याचा आहे. खासगी दर साधारण अंदाजाचे दिले आहेत. लॅबगणिक आणि शहरागणिक ते वर-खाली होतात.

लिव्हरवर भार येतो कधी

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी ‘एएलएल’. उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे काही महिने जोराची केमो, मग दीड-दोन वर्षं घरी गोळ्या. या गोळ्यांच्या टप्प्याला सगळेच ‘मेंटेनन्स’ म्हणतात.

जोराच्या टप्प्यात ॲस्पॅराजिनेज नावाचं इंजेक्शन असतं. लिव्हरचं प्रथिनं बनवण्याचं काम त्याने मंदावतं. अल्ब्युमिन घसरतं, रक्त गोठवणारे घटक कमी होतात, कधी बिलिरुबिन चढतं. वयाने मोठ्या आणि अंगाने जाड मुलांत हा त्रास जास्त दिसतो. मेंटेनन्समध्ये मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असते. दोन्हींनी लिव्हरची एन्झाइम्स वाढतात. किडनीच्या गाठीवर, म्हणजे विल्म्स ट्यूमरवर, ॲक्टिनोमायसिन-डी देतात. त्याने क्वचित लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्याच तुंबतात. गाठ उजव्या बाजूची असेल आणि तिथे रेडिएशनही दिलं असेल तर हा धोका वाढतो.

हे सगळं पालकांनी पाठ करायची गरज नाही. आपलं मूल कोणत्या टप्प्यात आहे आणि शेवटचं कोणतं औषध कोणत्या तारखेला गेलं, एवढं फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं असावं. रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर पहिलं तेच विचारतो, आणि तेव्हा कुणाला काही आठवत नाही.

रिपोर्टमधले ठळक आकडे

लिव्हर फंक्शन टेस्टचा कागद हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. एसजीपीटी, समोर १८५, शेजारी ‘४० पर्यंत’. लॅबवाला म्हणतो, लिव्हरला सूज आहे. मग गल्लीतल्या दवाखान्यात धाव, तिथे लिव्हरचं टॉनिक, सलाईन आणि ‘त्या गोळ्या आठ दिवस बंद ठेवा’ असा सल्ला. हजार-दीड हजार रुपये गेले ते गेलेच, आणि त्यापेक्षा मोठं नुकसान झालं ते त्या आठ दिवसांचं.

मेंटेनन्सच्या गोळ्यांवर असलेल्या मुलाची एसजीपीटी शंभर-दोनशेवर जाणं ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. केवळ तेवढ्यावरून कॅन्सरतज्ज्ञ सहसा औषध थांबवत नाहीत. ते पाहतात बिलिरुबिन, त्यातही ‘डायरेक्ट’ लिहिलेला भाग, अल्ब्युमिन, आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ. एसजीपीटी सांगते की लिव्हरच्या पेशी कुरकुरताहेत. बिलिरुबिन आणि आयएनआर सांगतात की लिव्हर काम करतंय की नाही. एसजीपीटी दोनशे, बिलिरुबिन ०.६ आणि मूल अंगणात खेळतंय, तर रिपोर्टचा फोटो आपल्या डॉक्टरांना पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एसजीपीटी नव्वदच, पण बिलिरुबिन ३.५ आणि लघवी चहाच्या रंगाची, तर त्याच दिवशी दाखवायचं. व्हिन्क्रिस्टिनसारख्या केमोच्या औषधांचे डोस बिलिरुबिन पाहून कमी करावे लागतात, त्यामुळे हा आकडा न पाहता पुढची केमो घेऊ नये.

गोळ्या मनाने बंद करण्याची किंमत वेगळीच असते. मेंटेनन्समध्ये वारंवार खंड पडला तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. उलटलेल्या ल्युकेमियाचा उपचार पहिल्यापेक्षा जास्त जोराचा, जास्त लांब आणि जास्त महाग. टॉनिकची बाटली दोनशेची असेल, पण तिच्याबरोबर फुकट मिळालेला सल्ला लाखांत जातो.

तपासणीचे पैसे कुठे वाचतात

खासगी लॅबमध्ये रक्ताच्या पेशींची मोजणी, म्हणजे सीबीसी, २०० ते ३५० रुपयांत होते. लिव्हर फंक्शन टेस्टचे ४०० ते ९००, पीटी-आयएनआरचे ३०० ते ५००, पोटाच्या सोनोग्राफीचे ८०० ते १५००. रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करायचा तर त्याहून जास्त. हे आकडे सुटे पाहिले तर मोठे वाटत नाहीत.

आता मुखेड तालुक्यातल्या एखाद्या घराचा हिशेब मांडून पाहू. मेंटेनन्स दीड वर्षाचा. महिन्यात दोनदा सीबीसी, प्रत्येकी अडीचशे, आणि एकदा लिव्हरची तपासणी, सहाशेला. महिन्याचे अकराशे झाले, अठरा महिन्यांचे १९,८००. त्यात दर खेपेला मजुरी बुडते ती वेगळी. शेतमजुराच्या घरात वीस हजार हा आकडा लहान नाही.

हे पैसे बऱ्याच अंशी वाचू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत काही शुल्क नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात आले. मुखेड, देगलूर, किनवट, उदगीर, निलंगा, ज्याला जे जवळ ते. तिथे रक्ताचे नमुने ‘महालॅब’कडे जातात आणि लिव्हरच्या तपासण्या त्या यादीत आहेत. जाताना कॅन्सर रुग्णालयाची चिठ्ठी न्या, तपासण्यांची नावं त्यावर लिहून घ्या, आणि रिपोर्ट कधी आणि कोणत्या मोबाईलवर येईल हे तिथेच विचारून ठेवा. मेंटेनन्सच्या गोळ्यांचा डोस सीबीसीवर ठरतो, तेव्हा रिपोर्टला चार दिवस लागणार असतील तर नमुना चार दिवस आधी द्यायचा. मूल आजारी असेल, ताप असेल, तेव्हा मात्र ही काटकसर नको. त्या दिवशी शेजारच्या खासगी लॅबचे अडीचशे रुपये निमूट द्यावेत.

इथे एक गफलत नेहमी होते. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, पण ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. त्यामुळे ‘सरकारी म्हणजे सगळं फुकट’ हा नियम तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. दर खासगीच्या मानाने अगदी कमी असतात, आणि योजनेत नोंद झाली तर तेही लागत नाहीत. म्हणून तिथे पैसे भरण्याच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल गाठायचं.

योजनेचा कागद नीट वाचला तर

ही योजना नांदेडला नवी नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. लातूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून आली. पुढे नाव बदललं, केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोड मिळाली. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. पिवळं, केशरी, पांढरं सगळी चालतात.

पालकांनी नीट लक्षात ठेवावी अशी गोष्ट पॅकेजच्या व्याख्येत आहे. रुग्ण रुग्णालयात आल्यापासून घरी जाईपर्यंतचा सगळा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो, मध्ये गुंतागुंत उद्भवली तर तीही धरून. रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही त्यात येतं. म्हणजे केमोसाठी दाखल असताना मुलाचं बिलिरुबिन चढलं, अल्ब्युमिन लागलं, सोनोग्राफी करावी लागली, तर ‘केमो योजनेत, पण लिव्हरचं वेगळं भरा’ हे म्हणणं योजनेच्या भाषेत बसत नाही. कुणी तसं म्हणालं तर वाद घालत बसू नका. लेखी मागा. ‘बाहेरून आणा’ म्हणून हातात दिलेल्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, तारीख आणि सही घ्या, मेडिकलचं पक्कं बिल जपून ठेवा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला की पुष्कळदा तिथल्या तिथेच सूर बदलतो.

घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी त्रास सुरू झाला आणि मुलाला दुसऱ्याच रुग्णालयात न्यावं लागलं, तर गोष्ट अवघड होते. तिथे नव्याने दाखल व्हावं लागतं आणि पूर्वमंजुरीही नवी. योजनेत रुग्णालयांची निवड विषयवार होते. एखाद्या ठिकाणी हाडांच्या शस्त्रक्रियेला योजना आहे म्हणून मुलांच्या कॅन्सरला किंवा बाल अतिदक्षता विभागाला ती असेलच असं नाही. लातूरचं विवेकानंद रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय ही नावं आपल्या भागात सगळ्यांच्या तोंडी आहेत. जायच्या आधी टोल फ्री क्रमांकावर एवढंच विचारायचं: ‘लहान मुलांचा कॅन्सर आणि बाल अतिदक्षता, दोन्हीला तिथे योजना आहे का?’ हा फोन मूल बरं असताना, एखाद्या दुपारी निवांतपणे करून ठेवा. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करण्याची सोय योजनेत आहे. कागद मागाहून देता येतात, पण ते घरात असले तर.

आणि इथेच घोडं अडतं. मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं. जन्म झाला, शाळेत नाव घातलं, रेशनकार्ड तसंच राहिलं. निदान झालं त्याच आठवड्यात कुणातरी मामा-काकाला तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवून हे काम उरकावं. जन्माचा दाखला, मुलाचं आधार आणि आई किंवा वडिलांसोबतचा मुलाचा फोटो फाईलमध्ये असू द्या.

मोठा खर्च कधी येतो

लिव्हरच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा प्रकार क्वचित होतो, पण सर्वांत महाग तोच पडतो. सुरुवातीला तो साधा वाटतो. मूल जेवत नाही आणि वजन मात्र वाढतं. पोट ताणल्यासारखं दिसतं, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही. कावीळ नंतर येते. प्लेटलेट चढवूनही टिकत नाहीत.

यावर पालकांच्या हातात दोन स्वस्त हत्यारं आहेत. एक डिजिटल वजनकाटा, सहाशे ते हजार रुपयांचा. दुसरी शिंप्याची टेप. ॲक्टिनोमायसिन-डीच्या केमोनंतर रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन घ्यायचं. टेप बेंबीवरून फिरवायची आणि ती जिथून जाते तिथे दोन्ही कुशींवर पेनाने बारीक खूण करायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी आजीने मोजलं तरी जागा बदलत नाही. आकडे कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा. मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वाढ ही धोक्याची खूण मानतात. सोळा किलोच्या मुलात ती आठशे ग्रॅम होते. सलग तीन दिवस कारण नसताना वजन चढत गेलं तरी फोन करायचा.

लवकर पकडलं तर पुष्कळ मुलं त्रास देणारं औषध थांबवून, पाणी मोजून आणि लघवीची औषधं, अल्ब्युमिन देऊन सावरतात. वीस टक्के अल्ब्युमिनची शंभर मिलीची बाटली चार ते सात हजारांना पडते आणि एकीवर भागत नाही. खासगी बाल अतिदक्षता विभागाचा दिवस आठ ते पंधरा हजारांचा, औषधं वेगळी. आजार बळावला तर डिफिब्रोटाइड नावाचं औषध आहे. ते किमान २१ दिवस द्यावं लागतं आणि खर्च अनेक लाखांत जातो. कुणी ते सुचवलं तर आधी दोन गोष्टी विचारा: आत्ता तीव्रता किती आहे, आणि मोठ्या केंद्रात हलवलं तर हे औषध कोणत्या मदतीतून मिळू शकतं. हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगले डॉक्टर त्याची वाटच पाहत असतात.

ॲस्पॅराजिनेजनंतर पोटात जोराची कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर ती ॲसिडिटी समजू नका, स्वादुपिंडाला सूज असू शकते. मूल गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर वाट पाहायची नाही. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, पण ती जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत नेते. पुढे संभाजीनगरला किंवा हैदराबादला खासगी रुग्णवाहिका केली तर साधारण किलोमीटरमागे पंधरा ते पंचवीस रुपये, आणि मोजतात जाण्या-येण्याचे दोन्ही. नांदेडहून दोन्ही शहरं पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका खेपेला आठ ते चौदा हजार. भाव ठरवताना ऑक्सिजन आणि सोबतचा माणूस धरून ठरवा. हैदराबादला जायचं तर आधी आपल्याकडे आयुष्मान कार्ड आहे का ते पाहा; दुसऱ्या राज्यात चालतं ते आयुष्मान भारतचं कार्ड.

ज्यावर पैसे घालू नयेत

कावीळ म्हटली की आपल्याकडे औषध देणारा माणूस ठरलेला असतो. कुणी माळ घालतो, कुणी नाकात थेंब सोडतो, कुणी पहाटे अनशापोटी रस पाजतो. पैसे फार घेत नाही, कधी नारळावरही भागतं, म्हणून कुणाला त्यात धोका दिसत नाही. साध्या काविळीत बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, आणि श्रेय माळेला जातं. केमोवरच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. प्लेटलेट कमी असताना नाकात तिखट रस गेला तर रक्त थांबत नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. माळ तेवढी निरुपद्रवी म्हणता येईल, पण तिच्यापायी चार दिवस घालवले नाहीत तरच.

गुळवेलीबद्दलही सांगायला हवं, कारण प्रतिकारशक्ती वाढते म्हणून ती सर्रास दिली जाते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. तो वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आधीच लिव्हरवर तीन औषधांचा भार असलेल्या मुलावर त्याचा निकाल लावायला नको.

सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका घरच्या कपाटात असतो. पॅरासिटामॉलच्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या पाच मिलीत, म्हणजे एका चमच्यात, कुठे १२५ तर कुठे २५० मिलिग्रॅम. बाटल्या दिसायला सारख्याच, झाकणंही सारखी. सोळा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त २४० मिलिग्रॅम बसतं. ड्रॉप्सच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर पोटात ५०० जातं, आणि दिवसातून चार वेळा तसंच झालं तर लिव्हरचं काय होईल ते सांगायला नको. शिवाय केमोवरच्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर आधी डॉक्टरांना फोन, मग औषध. ताप दाबला की आतला जंतुसंसर्ग झाकला जातो.

मेंटेनन्सच्या दोन गोळ्यांतही गोंधळ होतो. दोन्ही बऱ्याचदा पिवळसर असतात. रोजची ती मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्याची ती मेथोट्रेक्सेट. आठवड्याची गोळी रोज गेली तर लिव्हर, तोंडाच्या आतली त्वचा आणि रक्तपेशी सगळ्यांवर येतं. वार ठरवून टाका, समजा सोमवार, त्या वारी कालनिर्णयवर गोल करा आणि ही पट्टी वेगळ्या डब्यात ठेवा. बुरशीवरची किंवा टीबीची औषधं दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिली तर पहिली गोळी देण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवा. त्यांतली काही लिव्हरवर येतात, काहींमुळे व्हिन्क्रिस्टिन अंगात जास्त साठतं.

रक्त, पाणी आणि दुसरी कावीळ

प्रत्येक कावीळ केमोची नसते. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं पाणी साठवून वापरणं या भागाला काही नवं नाही. अ आणि ई प्रकारची कावीळ पाण्यातून येते. मुलाचं पिण्याचं पाणी उकळलेलंच हवं, बाहेर गेल्यावरही.

ब आणि क प्रकारची कावीळ रक्तातून येऊ शकते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस ब आणि क, एचआयव्ही, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. त्यापुढची जास्त बारकाईची ‘नॅट’ तपासणी सगळीकडे होत नाही; जिथे होते तिथे तिचे पैसे वेगळे. लाल पेशींच्या पिशवीचं प्रक्रिया शुल्क सरकारी पेढीत ११००, खासगीत १५५० रुपयांच्या आसपास. सरकारी रुग्णालयात दाखल असाल तर सरकारी पेढीचं रक्त फुकट मिळायला हवं. केमो सुरू होण्याआधी मुलाची हिपॅटायटिस बची तपासणी झाली का ते फाईलमध्ये पाहा, कारण आत दडलेला विषाणू केमोने उसळतो. आई-वडिलांचीही करून घ्या. २८ जुलै २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस ब आणि कची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारणा करायची.

गाडीभाडं आणि मुंबईतला मुक्काम

अवघड केस मुंबईला जाते, परळच्या टाटा मेमोरियलला. नांदेडहून तपोवन दिवसाची, देवगिरी आणि नंदीग्राम रात्रीच्या. लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यात शंभर टक्के आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, तेव्हा ही सवलत सोडू नये. पैसे वाचतातच, शिवाय पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलाला जनरल डब्याच्या गर्दीत कोंबावं लागत नाही. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, म्हणजे आईचे निम्मे पैसे तसेही वाचतात.

मुंबईत राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांची फुकट सोय करते, पण तिथे थेट जाऊन खोली मिळत नाही. रुग्णालयातल्या समाजसेवकांमार्फत नाव जातं. म्हणून टाटात फाईल निघाली की त्याच दिवशी समाजसेवा विभागात जा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे जुने आधार आहेत, पण जागेसाठी थांबावं लागतं. पहिल्या दोन-तीन रात्रींच्या लॉजचे पैसे सोबत असू द्यावेत.

योजनेत न बसणारा खर्च अंगावर आलाच तर दोन वाटा उरतात. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी एक लाख ऐंशी हजार, दुर्बलांसाठी तीन लाख साठ हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतोच, तो आधीच काढून ठेवा. दुसरी वाट मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीची. त्याला एक लाख साठ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. हा पैसा रुग्णालयाच्या खात्यात जातो, भरून झालेल्या बिलाची परतफेड म्हणून मिळत नाही, त्यामुळे अर्ज मूल दाखल असतानाच जायला हवा.